इंजानघरातली थोरली लेक

अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात पोटच्या पोरीच्या लग्नाला उशिरा पोचलेला बाप एकच होऊन गेला आणि तो नेमका माझा सासरा निघाला. शिरोळकडे, कृष्णेच्या पलीकडच्या काठावर सासरेबुवा संस्थानच्या काळातलं एक वाफेचं इंजिन सांभाळत. त्याला काम वर्षातून दोनदाच. पावसाळा तोंडावर आला की माणसं, बैलगाड्या नेणारी मोठी नाव उतारावरच्या रुळांवरून साखळीने वर ओढायची आणि दसऱ्याला पुन्हा पाण्यात सोडायची. उरलेलं वर्षभर ते इंजिन पुसत. सासूबाई म्हणायच्या, "येवढं सवताचं त्वांड पुसलं असतं तर गोरं झालं असतं."

हेच काम गावातल्या कुणाच्याही ट्रॅक्टरने चहा गार व्हायच्या आत उरकलं असतं. पण ट्रॅक्टरचं नाव काढणाऱ्याशी सासरेबुवा महिनाभर बोलत नसत, आणि ती शिक्षा नव्हती, विश्रांती होती, कारण त्यांची कुजबुजसुद्धा पैलतीरी ऐकू जायची. पहाटे भट्टी पेटायची, दुपारी वाफ धरायची, मग शिट्टी व्हायची आणि नाव पहिलटकरणीच्या चालीने वर चढायची. इंजानघराच्या दारात सासूबाई तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळत, खणानारळाने तिची ओटी भरत. "थोरली माहेराला आली," म्हणत सासरेबुवा घाटावर पेढे वाटत. पुढे पावसाळाभर तिला तेल चोपडणं चाले.

आमचं लग्न नेमकं नाव ओढायच्या दिवशीच निघालं. अंतरपाट धरला तरी वधूपित्याचा पत्ता नाही. बोलवायला गेलेल्या माणसाला उत्तर मिळालं, "लगीन भटजी लावतोय न्हवं? हितं वाफ चढलीया. ती कुणासाठी थांबत न्हाय." कन्यादान तिच्या मामाने केलं. सासरेबुवा उगवले ते थेट पंगतीत, आणि त्यांच्या आशीर्वादाची पाचही बोटं माझ्या कोऱ्या कोटावर काळी उमटली.

बायकोला विनोद कळायचा, पण एवढा नाही. आषाढात शेजारणींना न्यायला बाप, भाऊ येत. हिला कुणीच येत नसे. थोरली वर बसलेली, म्हणून ही धाकटी एसटीने लांबचा वळसा घालून एकटीच माहेरी जायची आणि रुसून परत यायची. एकदा मी तिची बाजू मांडून पाहिली. "तिला यस्टी हाय की, जावईबापू," सासरेबुवा म्हणाले. "नावंला कोन आननार?" हे मी घरी येऊन सांगितलं आणि अबोला माझ्याशी झाला.

मग नदीवर पूल झाला. त्या वर्षी वर ओढलेली नाव खाली सोडायचा हुकूम आलाच नाही. दसरा तसाच गेला. पुढच्या आषाढात एका सकाळी सासरेबुवा आमच्या दारात उभे. धुतलेलं धोतर, हातात नारळ, खांद्यावर मात्र इंजिन पुसायचं तेच तेलकट फडकं. "पोरीला न्यायला आलोय," ते इतकं हळू बोलले की मला पुढे वाकावं लागलं.

"आणि थोरली?" मी खोडसाळपणे विचारलं.

"ती आता कायमचीच वर हाय. कायमची आल्याली लेक, तिचं कसलं वो म्हायेरपन? बघवत न्हाय मला तिच्याकडं."

मला फार वाईट वाटलं. आत बायकोने इतक्या वर्षांचं भांडण तयार ठेवलं होतं. ती बाहेर आली, बापाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आबा, बसा. स्टो आत्ता पेटवतीया. वाफ धराया येळ लागंल."

चहा होईपर्यंत तिची पिशवी दाराशी आली होती. ती सासरेबुवांनी मला उचलू दिली नाही. एसटी पुलावरून गेली तेव्हा दोघांनीही खाली घाटाकडे बघितलं नाही, असं तिने मला नंतर सांगितलं.