चोवीस पिसं

मी काही लेखक नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला, तेव्हा लिहिताना चुकलो तर माफ करा. पण पांढुर्ण्याच्या आमच्या कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या काकांवर कोणी काही लिहिलेलं नाही, म्हणून धीर करतो.

"मोजलं काय?" हा त्यांचा कायमचा प्रश्न. विचारता विचारता हातात संत्र्याचा वाळलेला काटा देत. त्याच्या टोकाने दाखवायचं, कीटकाला लावायचं नाही.

काका तिगावहून येत. स्टेशनात झाडू फिरण्याआधी दिव्याखाली मरून पडलेले पतंग काडेपेटीत घालून आणत आणि टाचणीला टोचून, चिठ्ठी लावून खोक्यात ठेवत. पहिल्याच प्रॅक्टिकलला मी त्यातल्या नखाएवढ्या एका पतंगाखालची चिठ्ठी पाहून वहीत 'पिसपंखी' असं लिहिलं.

"चिठ्ठी वाचून राहिला बाप्पा तू. पतंग कुठं पाहिला?"

त्यांनी भिंगाखाली मोजून दाखवलं. एकेका पंखाचे सहा भाग, प्रत्येक भाग झालर लावलेल्या पिसासारखा. चार पंखांची चोवीस पिसं. मला पहिल्या पंखापुढे काही नीट दिसलं नाही, पण मी हो-हो म्हटलं.

"पिसपंख्याचा पुढचा पंख दोन फाकांचा, मागचा तीन. बसला का काडीसारखा. हा पाह्य, कसा पसरून बसते. दिसाले भाऊ, पण कूळ येगळं."

प्रॅक्टिकल घेणारे आमचे सर हसले. "काका, आता कुळंही तुम्हीच लावणार?"

चिठ्ठीवर 'ओळखणारा' या शब्दापुढे सरांचं नाव होतं. खोक्यांतल्या साऱ्या चिठ्ठ्या काकांच्या बारीक, सुरेख अक्षरात; त्यांचं स्वतःचं नाव एकीवरही नाही. काकांनी त्या चिठ्ठीखाली दुसरी टोचली: 'सहा-सहा. पुन्हा पाहावे.'

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी तोच खोका उघडला. "हे एक राहून गेलं," म्हणाले, आणि काटा माझ्या हातात ठेवला.

मी पतंगाचे फोटो जबलपूरच्या एका अभ्यासकांना पाठवले. बऱ्याच महिन्यांनी उत्तर आलं: कूळ वेगळंच आहे, ओळखणाऱ्याचं नाव कळवा. सरांनी ते दोनदा वाचलं आणि माझ्यापुढे एक कोरी चिठ्ठी सरकवली.

काका आता सौसरला लेकीकडे असतात. नजर जवळजवळ गेली आहे. फोनवर मी एका दमात सगळं सांगितलं, चिठ्ठीवर तुमचं नाव लिहितो म्हणालो.

"उत्तर वाचून सांगून राहिला, का मोजलं?"

मी फोन ठेवला, भिंग काढलं, काटा घेतला. अर्धा तास लागला. मग पुन्हा फोन केला.

"काका, चोवीस."



"मंग लिव."