चाकाचं घ्यावं की चपटं

माणसाच्या जिवाला धोका असला की तो पिस्तुलाच्या लायसनसाठी अर्ज करतो. आमच्या दत्ताच्या जिवाला काहीच धोका नव्हता, म्हणून आम्हाला तीनदा अर्ज करावा लागला.

दत्ता माझा एकुलता मुलगा. रस्त्याची बारीकसारीक कामं घेतो आणि मुंगी चावली तरी आधी मुंगीला लागलं का ते बघतो. पिस्तुलाचा ध्यास त्याला नव्हता, मला होता. कारण आमचा पुतण्या अंगद. त्यानं आधीच एक घेतलं होतं. नारायणगडाच्या जत्रेत त्यानं सदऱ्याचं टोक वर करून कंबर खाजवली, आणि चहावाल्यानं रांगेतली दहा माणसं सोडून त्याला पहिला कप दिला! दत्ताला मिळाला तो तळाचा गाळ. मी तो गाळ पाहिला आणि तिथंच ठरवलं.

"माय, मला काय करायचंय ते?" दत्ता म्हणाला.

"चहा प्यायचाय," मी म्हणाले.

तिसऱ्या अर्जाला लायसन आलं. दुकानात दत्ताबरोबर मीही गेले. (माझ्याशिवाय त्यानं कधी बैल घेतला नाही, तर हे कसं घेईल?) दुकानदारानं हिरव्या कापडावर तीन वस्तू मांडल्या. एक चाकाचं रिव्हॉल्व्हर, एक चपटं पिस्तूल, आणि एक त्याहून लहान, तळहातात मावणारं.

"बोअर, म्हणजे नळीचं माप, तिन्हींचं बत्तीसच आहे आजी," तो म्हणाला. "फरक सोयीचा. चाकाचं अडकत नाही, पण जाड. चपट्यात गोळ्या जास्त बसतात. आणि हे लहान सगळ्यात बरं. सदऱ्याखाली घाला, कुणाला पत्ता लागत नाही."

"कुणाला पत्ताच लागणार न्हाई, तर मग घ्यायचं कावून?"

तो बिचारा समजावू लागला. "आजी, स्वतःच्या रक्षणासाठी..."

"ते राहू द्या. दिसतं कोणतं?"

मी तिन्ही हातात घेऊन तोलून पाहिली. चाकाच्याला नखानं टिचकी मारली.

"आजी, मडकं नाही ते!"

"पण आवाज चांगला हाय," मी म्हणाले. "हे घातल्यावर सदऱ्याला फुगवटा येतो का?"

"तोच तर त्याचा तोटा आहे."

"मग हेच बांधा!"

तर जिवाच्या रक्षणासाठी कोणतं हत्यार सोयीचं, हा प्रश्न मी चौथीच्या शिक्षणावर असा पाच मिनिटांत सोडवला. दत्ताला ते इतकं जड झालं की कंबरेला लावून तो उभा राहिला की पँट खाली सरके. गावात तो उजव्या हातानं राम राम करी आणि डाव्या हातानं पँट धरी. पण फुगवटा दिसत होता! मी ओट्यावर बसून तो फुगवटा बघत असे. आता लिहिताना लाज वाटते, तेव्हा वाटत नव्हती.

त्यात नातीची सोयरीक निघाली. प्रतीक्षा, दत्ताची मुलगी, अंबाजोगाईला नर्सिंग शिकली. मुलगा तिनंच निवडला होता, तिथंच दवाखान्यात रक्त तपासायच्या नोकरीला. आम्ही फक्त पाहिल्यासारखं करायचं होतं. मुलाचे आईवडील जेवायला येणार, त्याच्या आदल्या दिवशी पोर माझ्याजवळ येऊन बसली.

"आजी, त्याची आई तीस वर्षं ऑपरेशनच्या खोलीत होती. गोळी लागलेली माणसं तिनं पाह्यलीत. तिला असल्या गोष्टीचा लई तिटकारा हाय. उद्या ते कपाटातच राहू दे."

"तुझ्या बापाला सांग की."

"आप्पा ऐकतील, पण कुणी म्हणलं तर लगेच काढतीलबी. किल्ली तुझ्याकडं ठेव. तू कुणाला देऊ नको. माझा तुझ्यावर भरवसा हाय."

"तुझ्या गळ्याची आन, देणार न्हाई," मी म्हणाले आणि किल्ली कनवटीला लावली.

पाहुणे आले, मुलगाही बरोबर होता. मुलाचे वडील अंगानं बारीक, पांढरे स्वच्छ कपडे, सगळ्याला "हो हो" म्हणणारे. आई उंच, कमी बोलणारी. तिनं आमच्या सुनेला आल्याबरोबर विचारलं, "मदतीला येऊ का?" मला ते फार आवडलं. सगळं छान चाललं होतं. पण भावकी म्हणून अंगदला बोलावणं भागच होतं.

तो येऊन मुलाच्या वडिलांच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "लई उकडतंय बघा पाव्हणं." आणि सदऱ्याचं टोक धरून वारा घेऊ लागला. एकदा वारा, दोनदा वारा. तिसऱ्यांदा मुलाच्या वडिलांना ते लहान पिस्तूल दिसलं आणि ते "हो हो" म्हणायचे थांबले.

"घाबरू नगा," अंगद म्हणाला, "सवय हाय आपल्याला. आमच्या दत्तानंबी घेतलंय. पर त्याचं मोठं, जुन्या पद्धतीचं. मपलं बघा कसं, बसलो तरी टोचत न्हाई. त्याला काय ते जमंना, म्हणून घरात ठेवतो."

दत्ताला काही वाटलं नाही. मला वाटलं! मी म्हणाले, "जमंना कसं? थांब, दावते."

किल्ली मी कुणाला दिली नाही. कपाट स्वतः उघडलं. टॉवेलात गुंडाळून ते बाहेर आणताना प्रतीक्षा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी ट्रेकडं पाहिलं.

मग काय विचारता! बाजेवर एकीकडं मोठं, एकीकडं लहान.

"हे अडकत न्हाई," मी म्हणाले.

"काकी, पर ते वागवायचं कसं? म्हशीवर लादून?"

"तुझं हातातबी दिसत न्हाई!"

"दिसायचं न्हाईच ना काकी, तीच तर मजा!"

"मजा हाय तर मग सदरा कावून हलवत व्हतास?"

सोयरिकीच्या बैठकीत मुलाची नोकरी, मुलीचं शिक्षण असं काही बोलतात. आमच्याकडं चाक आणि चपटं यावर अर्धा तास गेला. शेवटी मुलाच्या आईनं शांतपणे विचारलं, "दत्ताराव, तुम्हाला धोका नेमका कुणापासून आहे?"

दत्तानं खरंच विचार केला. छपराकडं पाहिलं. अंगदकडं पाहिलं. मग म्हणाला, "तसं कुणी न्हाई."

"मग आम्ही येताना आधी फोन करून यावं का?"

हसलं कोणीच नाही. मी घाईनं "ताटं घ्या, ताटं घ्या" म्हणाले. ते हत्यार पुन्हा कपाटात ठेवावं एवढी अक्कलही मला झाली नाही. दत्तानं ते गडबडीत कंबरेला खोचलं. (गोळ्या वेगळ्या डब्यात होत्या, हे आम्हाला माहीत. पाहुण्यांना नव्हतं.) पंगत बसली. मुलीच्या बापानं स्वतः आग्रह करावा म्हणून दत्ता आमटीची बादली घेऊन वाकला.

"घ्या पाव्हणं, अजून एक पळी!"

वाकला, आणि डुबुक!

ते रिव्हॉल्व्हर दोन किलोच्या धोंड्यासारखं बादलीत गेलं. उकळती आमटी मुलाच्या वडिलांच्या पांढऱ्या सदऱ्यावर आणि हातावर. ते "मेलो!" म्हणून उठले आणि ज्वारीच्या पोत्यांमागं जाऊन बसले. अंगदला वाटलं हल्ला झाला. तो उभा राहून कंबरेला हात घालतो, तर हाताला काही लागेना! लहान वस्तू, सरकून पायजम्यात उतरलेली. "कुठं गेलं, कुठं गेलं" करत तो स्वतःची मांडी चाचपत अंगणभर नाचला आणि शेवटी ते घोट्यापाशी सापडलं. मोठं आमटीत, लहान पायजम्यात. रक्षणाच्या कामी दोन्ही सारखीच.

न हललेली बाई एकच, मुलाची आई. ती उठली, नवऱ्याला पोत्यांमागून बाहेर काढलं, हातावर गार पाणी धरलं. मी खोबरेल तेल घेऊन धावले, तर म्हणाली, "नको, पाणीच बरं." पाच मिनिटं पाणी घातलं. मग मुलाला म्हणाली, "चल."

भरल्या ताटावरून पाहुणे उठून गेले. आमच्याकडं हे मेल्यासारखंच. मागं उरलो आम्ही आणि बादली. सुनेनं पळीनं ते बाहेर काढलं, वरची कोथिंबीर झटकली आणि मला विचारलं, "आत्याबाई, हे आता कशानं धुवू?"

प्रतीक्षा अंबाजोगाईला परत जाताना एवढंच बोलली, "आजी, किल्ली तू खरंच कुणाला दिली न्हाईस." आणि मला तिचा फोन येणं बंद झालं. मुलगा तिच्याशी बोलत होता, पण त्याची आई घरात नाव काढू देत नव्हती. त्या लोकांची समजूत अशी की मुलीचा बापच मिरवणारा. दत्तानं ते स्वतःवर घेतलं, आणि मी आठ दिवस घेऊ दिलं. आमटीपेक्षा मला ह्याचीच जास्त लाज आहे.

नवव्या दिवशी मी कुणाला न सांगता एसटीनं अंबाजोगाईला गेले. दार मुलाच्या आईनंच उघडलं. त्यांची नजर माझ्या तोंडाकडं नव्हती, कंबरेकडं होती. लुगड्याला तिथं फुगवटा होता.

"अवो, पानाची चंची हाय!" मी म्हणाले आणि पटकन सोडून दाखवायला गेले. तर पान, चुन्याची डबी, आणि फरशीवर खणकन अडकित्ता! त्या दोन पावलं मागं सरल्या. मी अडकित्ता पायानंच त्यांच्याकडं सरकवला.

"घ्या, ठेवून घ्या," मी म्हणाले. "आणि ऐका. ते घ्यायला लावलं मी. निवडलं मी. पोरीनं किल्ली मला दिली होती, तिच्या गळ्याची आन मोडून कपाट उघडलं तेबी मीच. दत्ता माझ्यापुढं बोलत न्हाई, एवढाच त्याचा गुन्हा. पोरीचा तर तेवढाबी न्हाई. सजा द्यायची तर मला द्या."

त्यांनी अडकित्ता उचलला, उघडून पाहिला, मिटला आणि माझ्या हातात परत दिला. मग आत बोलावलं. पाणी दिलं. मुलाचे वडील हाताला पट्टी बांधून बसले होते. मला बघून ते उठले आणि खुर्ची थोडी मागं घेतली. मी त्यांच्या पाया पडले. वयानं मी मोठी, पण पडले.

"मुलगी आम्हाला पसंतच होती," त्या म्हणाल्या. "पण लग्नाच्या मांडवात कुणाच्या कंबरेला तसलं काही नको."

"दत्ताला मी बजावते."

"दत्तारावांचं नाही म्हणत. ते साधे आहेत. मी तुमचं बोलतेय."

निवडणूक आली तेव्हा नियमाप्रमाणे दत्तानं ते रिव्हॉल्व्हर ठाण्यात जमा केलं. निवडणूक होऊन गेली, तो परत आणायला गेलेला नाही. मीही आठवण केली नाही. प्रतीक्षा आता बोलते माझ्याशी, पण तिच्या कपाटाला किल्ली असते आणि ती कुठं ठेवते ते मला सांगत नाही.

लग्न झालं. मांडवाच्या दारात अंगदला अत्तर लावलं, दत्ताला गुलाबपाणी शिंपडलं, सगळं गाव सरळ आत गेलं. थांबवलं फक्त मला. विहीणबाईंनी स्वतः माझी कंबर चाचपली, अडकित्ता काढून घेतला आणि म्हणाल्या, "अक्षता पडल्यावर परत देते." सुपारी मला दातांनी फोडावी लागली. दात दोन होते. आता एकच आहे, आणि त्याची तक्रार करायला मला तोंड नाही.