माजी आमदारांचा गैरहजेरीचा अर्ज

सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीच्या काठापर्यंत इतक्या शिस्तीने पराभूत झालेला दुसरा पुरुष नाही, असे मी तळोद्याच्या कचेरीबाहेर बावीस वर्षे अर्ज लिहिण्याच्या अनुभवावरून ठामपणे नमूद करतो. आमचे माजी आमदार एकदाच निवडून आले आणि त्यांना सभागृहात एकच प्रश्न विचारायचा होता: धरणाच्या पाण्याने वेढलेल्या आपल्या नर्मदाकाठच्या गावाला सरकारी लाँच कधी मिळणार? प्रश्नाची पाळी येण्याआधी विधानसभाच विसर्जित झाली आणि पुढच्या निवडणुकीत ते पडले. तेव्हापासून प्रत्येक अधिवेशनाच्या तोंडावर ते तोच प्रश्न माझ्याकडून अर्जाच्या रूपाने लिहून घेत. मजकूर उभ्याने सांगत, कारण सदस्याने बसून बोलायचे नसते. मला 'अध्यक्ष महोदय' म्हणत, आणि हे संबोधन मी कधी नाकारले नाही. मध्येच कोणी दाखल्याची चौकशी केली, तर माझी परवानगी मिळेपर्यंत ते वाक्य अर्धे सोडून खाली बसत.

लाँच घेऊनच येईन, असे गावाला सांगून ते निघाले होते. म्हणून परत गेलेच नाहीत. गावचे कोणी बाजारात दिसले की कचेरीत शिरून नोटिसांच्या फळ्यापुढे पाठमोरे उभे राहत. समोरच्या जीपवाल्याने रोज हटकावे, "आमदारसाहेब, जागा शे. आज तरी येतस का?" आणि यांनी टोपी सावरत उत्तर द्यावे, "अधिवेशन चालू आहे." ते बहुधा चालू नसे. जीप डोंगराकडे वळून दिसेनाशी होईपर्यंत मात्र त्यांना पुढचे वाक्य सुचत नसे, आणि मीही पेन उचलून धरी.

होळीआधीच्या बाजाराला त्यांची थोरली बहीण आली आणि तिने त्यांना त्या फळ्यापाशीच गाठले. गावाने केव्हाच स्वतःची होडी केली होती, असे तिने सांगितले. मग माझ्याकडे येऊन त्यांनी नवा मजकूर सांगितला: सदस्य फार दिवस गैरहजर राहिल्यास सभागृहाची अनुमती लागते, तरी माझी गैरहजेरी गावाने क्षमापित करावी. कारण काय लिहू, असे मी विचारले.

"लाज."

असे कारण कोणत्याही नमुन्यात बसत नाही. मी ते लिहिले.

अर्ज त्यांनी बहिणीपुढे धरला. तिने हात पुढे केला नाही. "आमच्याकडे वाचणारं कोण आहे?" ती म्हणाली, त्यांच्या बोलीतले एवढे मला समजते. "तूच ये आणि वाच."

दोघे जीपमध्ये बसून गेले. त्या अर्जावर काय निर्णय झाला, हे अद्याप मला कोणी कळवलेले नाही. ते परतले नाहीत, यावरून तो मंजूर झाला असावा असे मी समजतो. तरी दोन ओळी लेखी आल्या असत्या, तर बरे वाटले असते.