यादी फक्त अध्यक्षांना मिळेल

"आज भाजी कोणती केली?"

वहिनींचा प्रत्येक फोन या प्रश्नाने सुरू व्हायचा. फोन कान आणि खांद्यात धरलेला, मान वाकडी, दोन्ही हात कणकेत, आणि पलीकडे कुणाचे तरी वडील नाहीतर सासूबाई. मी एकदा म्हटलं, "वहिनी, आधी तब्येत तरी विचारा." तर म्हणाल्या, "भाऊजी, तब्येत विचारली की म्हातारी माणसं 'ठीक आहे' म्हणून मोकळी होतात. भाजीचं खोटं सांगायला त्यांना सुचत नाही. तीन दिवस कुणी नुसता दहीभात सांगितला की समजायचं, काहीतरी बिनसलंय."

आणि खरंच बिनसलेलं असायचं. एका आजोबांची दाढ आठवडाभर ठणकत होती आणि त्यांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. ते वहिनींनी दहीभातावरून ओळखलं.

डब्लिनच्या पश्चिमेला ओंगार म्हणून आमची वस्ती आहे. सगळी घरं एकसारखी, त्यामुळे नवा पाहुणा हमखास शेजाऱ्याची बेल वाजवतो. वहिनी माझ्यापासून तिसऱ्या दारात राहायच्या. मूळच्या नागपूरच्या. नवऱ्याच्या नोकरीमागोमाग इथे आल्या आणि घरून पोळीभाजीचे डबे करू लागल्या. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्या बारा वर्षं स्वयंपाकघरात होत्या आणि फोटोत एकदाही नाहीत. अशी बाई तुमच्याही मंडळात असेल, जरा आठवून बघा.

२०२० च्या मार्चमध्ये विमानं थांबली आणि नातवंडं बघायला आलेले आईवडील इथेच अडकले. मुलगा-सून वरच्या खोल्यांत दार लावून कामाला बसलेले, नातवंडं मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर देणारी. बोलायचं कुणाशी? वहिनींनी वस्तीतल्या चौदा जणांना रोज दुपारी फोन सुरू केले. मग त्यांना कळलं की मेनूथला, कॉर्कला, पार गॉलवेलाही अशी अडकलेली माणसं आहेत. त्यांचे नंबर मंडळाच्या यादीत होते आणि यादी माझ्याकडे होती.

आता माझ्याबद्दल. मी सँडीफोर्डच्या एका कंपनीत लोकांची खासगी माहिती नियमाप्रमाणे सांभाळली जाते की नाही, ते तपासतो. त्याआधी पुण्यात आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो. आणखी काही सांगायला हवं का? इथे मंडळाचा सेक्रेटरीही मीच, आणि मंडळाची घटनासुद्धा मीच सोसायटीच्या नियमांवरून उतरवली होती. 'सोसायटी' खोडून 'मंडळ' घातलं, झालं. एका कलमात लिफ्टच्या देखभालीचा उल्लेख दोन वर्षं तसाच राहिला होता.

"यादी फक्त अध्यक्षांना देता येते," मी वहिनींना सांगितलं. "आणि अध्यक्ष तर फेब्रुवारीतच कायमचे पुण्याला गेले. निवडणूक होईपर्यंत ती माझ्याकडेच राहणार."

"असं का?" वहिनींनी कणीक झाकून ठेवली. "मग मी अध्यक्ष होते."

मला वाटलं, गंमत करताहेत. दुसऱ्या दिवशी अर्ज हातात! त्यांच्याविरुद्ध एक तरुण इंजिनियर उभा होता, मुलगा चांगला, ऑनलाइन कार्यक्रम झकास करायचा. पण वहिनी फोनवरून असा प्रचार करत होत्या की अर्ध्या म्हाताऱ्यांना त्या निवडून आल्यासारख्याच वाटत होत्या. ज्यांना मतच नव्हतं, त्यांच्यातच प्रचार! मी हसलो, तर म्हणाल्या, "अरे बापा, त्यांच्यासाठीच तर उभी आहे मी."

त्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या निवडणुकीतला एक उमेदवारच आजारी पडला. सगळं जग तेच बोलत होतं. आम्हीही घरासमोरच्या हिरवळीवर दोन मीटर अंतर राखून तेच बोलत होतो.

"भाऊजी, उमेदवार मतदानाआधीच आडवा झाला तर काय करतात हो?"

मला काय, असं कुणी विचारायची खोटी. पक्ष दुसरं नाव कसं देतो, छापून झालेल्या मतपत्रिकांचं काय होतं, मी पंधरा मिनिटं व्याख्यान झोडलं. त्यांनी ते निमूट ऐकलं.

"आणि आपल्या मंडळात?"

"आपल्यात? वहिनी, आपण काय अमेरिका आहोत?"

"म्हणजे काहीच लिहिलेलं नाही. एक ओळ लिहून ठेवा ना जी."

मी 'हो हो' म्हटलं. ओळ लिहिली नाही.

सभा हॉलमध्येच व्हावी असं माझ्या घटनेत होतं, म्हणून निवडणूक महिनोन्‌महिने लांबली. शेवटी झूमवर घ्यायचं ठरलं, जानेवारीतल्या एका रविवारी, निवडणूक अधिकारी मीच. नाताळ झाला आणि वहिनींना ताप आला. कुणीही विचारलं की "ग्रँड आहे, ग्रँड आहे," म्हणजे ठीक आहे, इथल्या लोकांसारखं. चौथ्या दिवशी दारात अँब्युलन्स उभी राहिली.

निवडणुकीआधीच्या शुक्रवारी त्या इंजिनियरचा फोन आला. "दादा, निवडणूक पुढे ढकलू या. मला असं जिंकायचं नाही."

"घटनेत तसं कलम नाही."

"मग मी माघार घेतो."

"माघारीची मुदत संपली," मी म्हणालो. खरंच म्हणालो. सभा झूमवर आणताना मला घटना वाकवता आली होती, पण इथे मात्र मी ताठ राहिलो. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. मला भीती वाटली असावी. आजूबाजूला सगळंच कोसळत होतं आणि माझ्या हातात तेवढे नियम उरले होते.

शनिवारी वहिनींचा आवाज आला, रेकॉर्ड करून पाठवलेला. उमेदवाराने सभेत स्वतः पाच मिनिटं निवेदन करावं, असं कलम होतं. ते त्यांना पाठ होतं. "भाऊजी, पाच मिनिटंच ना? येते मी." या सहा शब्दांत त्या तीनदा थांबल्या.

रविवारी पडद्यावर साठ चौकोन होते. एक काळा, त्यावर वहिनींचं नाव. मी ते तीनदा पुकारलं. मग माइक सुरू झाला. आधी एका यंत्राची टिकटिक ऐकू आली. मग एका आयरिश नर्सचा आवाज, "टेक इट हँडी, लव्ह," म्हणजे बाई, जरा दमानं. मग श्वास. "नमस्का..." एवढंच आलं आणि पुन्हा श्वास. मग चौकोन गेला.

मी घड्याळ लावून पाच मिनिटं थांबलो. इंजिनियरने तोंड दोन्ही हातांनी झाकून घेतलं होतं. निवेदन न झाल्यामुळे उमेदवारी रद्द, असं मी वाचून दाखवलं आणि दुसऱ्या उमेदवाराला निवडून आल्याचं जाहीर केलं. माझी बायको खोलीतून उठून गेली. तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही आणि तिचं बरोबरच होतं.

सोमवारी वहिनींचा निरोप आला, टाइप केलेला. "नियम तो नियम, भाऊजी. मनाला लावून घेऊ नका. यादी तेवढी नव्या अध्यक्षांना लवकर द्या. थंडीत माणसं फार एकटी पडतात."

सभेनंतर नवव्या दिवशी त्या गेल्या.

अंत्यसंस्काराला फक्त दहा माणसांना परवानगी होती. इथे तेव्हा रीतच पडली होती, शववाहिका घरावरून सावकाश न्यायची आणि शेजाऱ्यांनी आपापल्या दारापुढे उभं राहायचं. आमचा सगळा रस्ता उभा होता. समोरची आयरिश बाई प्रत्येकाला "सॉरी फॉर युअर ट्रबल" म्हणत होती, इथे सांत्वन असंच करतात, मलाही म्हणाली. आणि फुटपाथच्या कडेने, दोन-दोन मीटरवर, शाली आणि कानटोप्या घालून ती म्हातारी माणसं. चौदाच्या चौदा. यातल्या कितीजणांनी वहिनींना समोरासमोर कधी पाहिलंही नव्हतं.

गाडी गेली. माझ्या शेजारी साताऱ्याकडच्या एक आजी काठी टेकून उभ्या होत्या. डोळे पुसत म्हणाल्या, "अध्यक्षीणबाई गेल्या आमच्या. निवडून आल्या व्हत्या न्हवं त्या?"

मी निवडणूक अधिकारी. मास्कच्या आत मला रडू फुटलं.

"हो आजी. आल्या होत्या."

"मंग ती यादी गावली आसंल त्यास्नी. लई घोर व्हता बगा तिचा. लांबलांबच्या मानसांस्नी फोन कराया मिळालं आसंल."

"हो. मिळाली."

"बरं झालं बाई," आजी म्हणाल्या आणि हळूहळू घरात गेल्या.

यादी माझ्या लॅपटॉपमध्येच होती. ती सोपवायचा फॉर्म माझा अजून तयार झाला नव्हता.