नानीच्या अ‍ॅस्टरला कळ्या आल्या तेव्हा

साखर कारखान्याच्या आमच्या कॉलनीत मी कुणाच्या घरात डोकवायला जात नाही. किस्सेच चालत माझ्या ओट्यावर येतात. दसऱ्याआधी गिरणीत दळण टाकलं, तर मागून एक बाई बोलली, "नानी नानाले आठेच सोडी जाई ऱ्हायनी, अन् ते अ‍ॅस्टर..." तेवढ्यात गिरणी सुरू झाली. नानी नानांना इथेच सोडून निघाली? दळण घेऊन वळते तर बाई गायब!

नाना-नानी माझे शेजारी. नाना रिटायर झाले, आता क्वार्टर सोडून गावी जायचं. पण नानीचा जीव अडकला अंगणातल्या उंच अ‍ॅस्टरमध्ये. बहिणीने मुळं दिली. पहिल्या वर्षी नुसता पाला, दुसऱ्या वर्षी शेळीने फस्त केलं. फुलं दिसली तर यंदाच, ऑक्टोबरात.

पावसाळ्यात गवत काढणारा माणूस आला. नानी वाफ्यापुढे खुर्ची टाकून बसली.

"नानी, हाई गवत नही का?"

"गवत तुन्ही नजरमा शे."

एकदा नानी बाजाराला गेली. मी कपाशीवाल्या घरची, वाढलेला शेंडा दिसला की हात राहत नाही. अर्ध्या वाफ्याचे शेंडे खुडून टाकले. नानी आठ दिवस बोलली नाही. मग तिथे फांद्याच फांद्या फुटल्या. नवव्या दिवशी दार वाजलं, दारात नानी. "रंजू, बाकीना शेंडा कोन खुडी?"

झाडं खांद्याला लागली आणि वाऱ्याने आडवी व्हायला लागली. नाना सकाळपासून आपली काठी शोधत होते. ती वाफ्यात, झाडाला बांधलेली.

"मी कसं चालू?"

"भिंत शे ना धराले."

क्वार्टर सोडायची मुदत संपत आली तरी कळ्या हिरव्याच. नानांनी ऑफिसात आठ दिवस मागितले. साहेबांनी कारण विचारलं. नाना म्हणाले, "झाडले कळ्या शेत." साहेब घरी येऊन वाफा बघून गेले आणि सही केली.

सातव्या दिवशी सकाळी अख्खा वाफा जांभळा! बाया पदर खोचून फोटो काढायला आल्या. नानी नुसती फुलांवरून हात फिरवत होती.

आठव्या दिवशी टेम्पो आला. नानीने झाडं मातीच्या गड्ड्यासकट घमेल्यांत घेतली, ड्रायव्हरशेजारी रचली आणि स्वतः मध्ये बसली.

मला राहवेना. "नानी, नानाले आठेच सोडी जाई ऱ्हायनी का?"

"कोनी सांगं? नाना बी संगेच शेत. मांगे दख."

मागे गाद्यांच्या ढिगावर, कपाटाला मिठी मारून नाना बसले होते.

"नाना, पुढे बसा ना."

"पुढे फुलं शेत," नाना म्हणाले. "मी सामानमा शे."