नाश्ता करून आलेला पाद्री

हजनेच्या कमरेला दीड हजार वर्षं जुन्या चर्चची किल्ली असते. आधी ती तिच्या नवऱ्याकडे, लहदोकडे होती. तो गेला तेव्हा तुर्कस्तानातल्या तूर अब्दीनच्या डोंगरातल्या या गावात ख्रिस्ती घर त्यांचं एकच उरलं होतं. दफनाला शहरातला पाद्री धावतपळत आला, ‘मिस्सेला पुन्हा येतो’ म्हणाला आणि आला नाही. त्याच्या गळ्यात आता आठ गावं आहेत. मुलगा गेव्रिये स्वीडनहून विमानाची तिकिटं पाठवतो, ही ती रद्द करायला लावते. लहदोच्या नावाने या चर्चच्या वेदीवर भाकर अर्पण करून एक मिस्सा झाली, की ती निघायला मोकळी.

जुनी चर्च पाहणाऱ्यांच्या बस येतात. हजने दार उघडते, फोटो होईपर्यंत सुजलेले पाय पसरून उंबऱ्यावर बसते, दार लावते.

परवा गाइड सेरहतचा फोन आला. जर्मनीच्या बसमध्ये तुमच्याच पंथाचा पाद्री आहे, मिस्सा करीन म्हणतोय. हजनेने आज पहाटे कणीक मळली, वेदीच्या भाकरींवर लाकडी ठसा उठवला, त्या तंदुरात भाजल्या. स्वतः पाणीसुद्धा प्यायली नाही.

बस उन्हं चढल्यावर आली.

“अबूना, भाकर तयार आहे,” हजने उतरलेल्या पाद्रीला म्हणाली.

पाद्री एफ्रेमनी सेरहतकडे पाहिलं. “आजच आहे हे मला कुठे सांगितलंस? मी खाऊन आलोय.”

“मग काय झालं?” सेरहत कुर्द, मुसलमान. “नाश्ता पॅकेजमध्येच असतो.”

“मध्यरात्रीपासून उपाशी असल्याशिवाय पाद्रीला मिस्सा करता येत नाही रे बाबा,” हजने म्हणाली.

“थोडंसंच खाल्लं असेल, मावशी.”

“त्यांचं पोट बघ.”

एफ्रेम ओशाळून हसले. “उद्या थांबलो असतो, बाई. पण उद्या विमान आहे.” लहदोच्या थडग्यापाशी त्यांनी छोटी प्रार्थना म्हटली. तेवढ्यात ड्रायव्हरने हॉर्न दिला.

हजनेने भाकरी मोडून प्रवाशांना वाटल्या. “खा. उद्या दगड होतील.” उरलेला तुकडा तिने स्वतः चावायला घेतला.

“पुढच्या महिन्यात हॉलंडची बस आहे,” सेरहत म्हणाला. “तिच्यातही पाद्री आहे.”

“त्याला उपाशी आण.” दार लावून तिने कुलपात किल्ली फिरवली. “आणि गेव्रियेला तूच फोन कर, तिकीट रद्द म्हणून. त्याची कटकट ऐकायचं त्राण नाही माझ्यात.”