टिचकीवैनी आणि चार बटनांचं खोकं

आमची मंडळी, म्हणजे माझी बायको, कोणतीही वस्तू हातात आली की आधी तिला टिचकी मारायची. मडकं, नारळ, पितळेचा तांब्या हे सगळेच वाजवून बघतात. ही बाई पाटाला टिचकी मारायची, खिडकीच्या काचेला मारायची. एकदा सांगलीच्या कापडपेठेत दुकानदाराच्या कापड मोजायच्या लाकडी गजाला टिचकी मारली आणि म्हणाली, "ह्येला चीर गेलीया, बरं का." दुकानदार हसला, मी लाजलो. पुढच्या खेपेला गेलो तर गज मधोमध तारेनं आवळून बांधलेला होता. दुकानदारानं आमच्याकडं बघितलंच नाही, नुसता खाली मान घालून कापड मोजत राहिला.

चाळीत तिचं नाव टिचकीवैनी पडलं. खरं नाव रेशनकार्डावर होतं, ते तिथंच राहिलं. मीही तिला 'अगं' याशिवाय दुसऱ्या नावानं हाक मारलेली नाही. मी चौथी शिकलेला माणूस, हळदीच्या वखारीत पोती उचलायचो. मला नटवून लिहायला येत नाही. जसं होतं तसं लिहितो.

ती म्हसवडकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. त्यांच्यात कळपाच्या म्होरक्या मेंढ्याच्या गळ्यात घंटा बांधतात. ती घंटा विकत घ्यायची त्यांची एक रीत होती. दुकानात वाजवून कधी घ्यायची नाही. घंटा मागून आणायची, मेंढ्याच्या गळ्यात बांधायची आणि एकानं मेंढ्याबरोबर थांबायचं. दुसऱ्यानं माळावर लांब लांब चालत जायचं. आवाज नीट ओळखू येतो तोवर उभं राहायचं, ओळखू येईनासा झाला की खाली बसायचं. बसलेला माणूस किती लांब आहे त्यावरून घंटेची परीक्षा. लहानपणी हे लांब चालत जायचं काम हिचं. "जवळनं समदंच ग्वाड वाटतंय," असं ती म्हणायची. घंटेबद्दल म्हणायची आणि माणसांबद्दलही म्हणायची. सासरच्या माणसांबद्दल जरा जास्तच.

आता गिटारीचं सांगतो. सत्तरच्या पुढची ती वर्षं. जिकडंतिकडं ऑर्केस्ट्राचं वेड होतं. मला हमालाला हा नाद कुठून लागला ते मलाही ठाऊक नाही. पण मिरजेच्या एका सतार करणाऱ्यानं सतारीच्याच तुनीच्या लाकडातनं मला इलेक्ट्रिक गिटार कोरून दिली होती, आणि सांगलीच्या एका ऑर्केस्ट्रात मी ती वाजवत होतो. हळदीनं पिवळी झालेली बोटं आणि वर चमकीचा शर्ट. लोकांना मजा वाटायची. मला तर स्टेजवर त्या खुर्चीवर बसलो की आपण पोती उचलतो हे विसरायला व्हायचं. ती खुर्ची हीच माझी सगळी इज्जत होती.

एका दसऱ्याच्या आधी ऑर्केस्ट्राच्या मालकानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, "गड्या, तुझी गिटार नुसती टुंग टुंग वाजतीया. रेकॉर्डवर बघ कशी घुमतीया, कशी गुरगुरतीया. कोल्हापुरातनं एक पोरगा येतो म्हणतोय, त्याच्याकडं परदेशी पेडल हाय. सातारच्या बाजूला साखर कारखान्याचा बॉयलर पेटवायचा समारंभ हाय, तिथं मला तसला आवाज पायजे. तू दिलास तर तू. न्हाईतर तुझ्या खुर्चीवर तो."

परदेशी पेडल मी आयुष्यभर पोती उचलली असती तरी मला झेपलं नसतं. पण मिरजेत रेडिओ दुरुस्त करणारे एक बापू होते. त्यांनी स्वतः जुळवून एक खोकं केलं होतं. पत्र्याचं, वर चार काळी बटनं. एकानं खरखर यायची, एकानं घुमारा, एकानं थरथर. चौथं हातानं लावायचं आणि पायानं चालवायचं, त्याला शिलाई मशीनच्या पायट्याचा तुकडा जोडला होता. पाय हलवला की गिटार 'वॉव वॉव' करायची. परदेशी एकाच्या पैशात असली चार खोकी आली असती. बापू म्हणाले, "आठ दिवस घेऊन जा. पटलं तर ठेव, न्हाईतर आणून दे. मला कुणीतरी खरं सांगणारा पायजे."

खोकं घरी आणलं, अँप्लिफायरला जोडलं. मी वाजवायच्या आधीच हिनं सवयीनं पत्र्याला टिचकी मारली.

खोलीत वीज कोसळल्यासारखा कडकडाट झाला. फळीवरची भांडी थरथरली. शेजारच्या काकू लाटणं हातात घेऊन दारात आल्या, "काय पाडलंसा?"

ही घाबरली नाही. डोळे मोठे करून खोक्याकडं बघत राहिली. मग हळूच दुसरी टिचकी मारली. पुन्हा कडकडाट. "आवं," ती मला म्हणाली, "ह्यात कोण कोंडून घातलंय?"

"कोण न्हाई. हात लावू नको."

"कोण न्हाई कसं? मी खुणावलं का तो वरडतोय."

मी चहा प्यायला बाहेर गेलो तेवढ्यात तिनं चमच्याच्या टोकानं चारी स्क्रू काढले. मी आलो तर झाकण बाजूला, आणि ती फरशीवर पालथी पडून आत डोकावतेय. घुमाऱ्याच्या बटनामागं एक लांब स्प्रिंग होती, दोन्ही टोकांना बांधलेली. तिला ती हालताना बघायची होती. मला म्हणाली, "तुमी वाजवा, मी बघतो." माणदेशात कित्येक बायका स्वतःला 'मी जातो, मी करतो' असंच म्हणतात. मी तार छेडली. स्प्रिंग डोळ्याला दिसेल न दिसेल अशी शहारली. ती एवढी खूश झाली की चूल विझली तरी तिला पत्ता नाही. "ह्ये बघा, तुमचा आवाज त्या टोकाला जाऊन मागारी येतोय. डोंगराला आरोळी दिल्यागत. बापूनं डोंगूर खोक्यात घातलाय की वो!" ती अर्धी भाकरी खाऊन पुन्हा खोक्यापाशी.

मला मात्र ते सगळं बघायला वेळ नव्हता. मी चारी बटनं निम्म्याच्या वर फिरवली आणि वाजवलं. आहाहा. आमची दहा बाय बाराची खोली सिनेमा थिएटर झाली. चाळीतली माणसं दारात जमली. मला वाटलं, झालं, खुर्ची आपलीच.

ही म्हणाली, "अजून पारख कुठं झालीया?"

"एवढी माणसं ऐकत्यात, दिसत न्हाईत?"

"ती दारात हायती. तुमी वाजवणार माळावर."

रविवारी वखार बंद असायची. राखणदार ओळखीचा. वखारीच्या दारात खोकं मांडलं, अँप्लिफायर मांडला. मागं हळदीच्या पेवांचं रान पसरलं होतं, पेवं म्हणजे हळद साठवायचे जमिनीतले खड्डे. पेवांची तोंडं चुकवत ही चालत निघाली. पदर खोचला होता. मागं न बघता चालत गेली, पार दुसऱ्या कडेच्या बाभळीपाशी. तिथनं वळून उभी राहिली. बोटाएवढी दिसत होती.

मी सगळी बटनं बंद करून साधी धून वाजवली. ती उभी. घुमारा थोडा उघडला. उभी. आणखी उघडला. ती खाली बसली.

मला राग आला. माझ्या कानाला तर आत्ता कुठं गोडी येत होती! मी बटन मागं घेतलं, ती उठली. पुढं केलं, बसली. राखणदार म्हातारा माझ्या शेजारी विडी ओढत उभा होता, तो म्हणाला, "आरं, तू बायकोला उठाबशा काढाय लावतोयस का काय?"

दुपारभर आम्ही हेच केलं. खरखरीचं बटन पुरं उघडलं आणि एकाच तारेवर वाजवलं तर ती उभी राहिली. तीच खरखर लावून तीन-चार तारा एकदम ओढल्या की बसली. थरथरीला उभी राहिली. पायट्याला तर तिनं दोन्ही हात कमरेवर ठेवले. चालत परत आली तेव्हा घाम पुसत म्हणाली, "खोकं खोटं न्हाई. ठेवा. पर घुमारा पाव आण्याएवढाच. जास्त केला का मागचा सूर फुडच्या सुरावर चढतोय, आन गाणं कंचं तेच कळत न्हाई. खरखरीला एकच तार. थरथर झ्याक हाय."

"आणि पायट्याचं?"

"लांबनं म्हस वरडल्यागत ऐकू येतंय. पोरं हसतील. हसू द्या, पर एकदाच."

कपाळाला कुंकू लावायला तिच्या डबीत मेण असायचं. घरी आल्यावर तिनं मेणात कुंकू कालवून प्रत्येक बटनापाशी पत्र्यावर एकेक ठिपका दिला. बटनाचं टोक ठिपक्याला आलं की थांबायचं. मी बापूंना खोकं ठेवतो म्हणून सांगून आलो.

पुढं मी जे केलं ते सांगायला जड जातं. तालमीच्या खोलीत खोकं मांडलं. मालकानं वाकून बघितलं आणि म्हणाला, "हे काय रं? पूजा घातलीस व्हय खोक्याची?" सगळे हसले. ढोलकीवाला म्हणाला, "वैनीनं ओवाळून पाठवलंय वाटतं." मी पण हसलो, आणि अंगठ्यानं चारी ठिपके पुसून टाकले. शर्टालाच हात पुसला. मग बटनं वर चढवली आणि वाजवलं. बंद खोलीत तो आवाज ऐकून मालकानं माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाला, "तरीपण कोल्हापूरच्या पोराला मी कारखान्यावर बोलावलंय. तो खाली बसून ऐकेल. बघू."

ही पण आली होती. कारखान्याच्या पटांगणात दुपारी चारला कार्यक्रम. पुढं सत्काराच्या खुर्च्या, मग सतरंज्या, मागं ऊसतोड्यांची बैलगाड्यांवर बसलेली माणसं. बायकांच्या बाजूला सगळ्यात शेवटी, मांडवाच्या खांबाला टेकून ही उभी. जागा होती, तरी उभी. मला बघून बरं वाटलं, म्हटलं हौसेनं उभी आहे.

पहिलं गाणं सुरू झालं. माझा तुकडा आला. बटनं तालमीसारखीच चढवलेली. मी डोळे मिटून वाजवत होतो. उघडले तेव्हा मागची माणसं आपापसात बोलत होती. बैलगाडीवरचा एक जण ओरडला, "आवं, ते मशीन बिघडलंय, बंद करा!" आणि खांबापाशी ही दिसेना. मान वर करून बघितलं. ती खाली मातीत बसली होती.

तुकडा कसाबसा संपवला. मालक पेटीवर बसल्या जागेवरनं माझ्याकडं बघत होता. कोल्हापूरचा पोरगा पहिल्या सतरंजीवर मांडी घालून हसत होता. बटनापाशी ठिपका नव्हता, मीच पुसलेला. मग मी एक केलं. गायक कडवं म्हणत होता तोवर वाकून घुमारा थोडा मागं घेतला, एक तार छेडली आणि तिच्याकडं बघितलं. बसलेलीच. आणखी मागं. बसलेलीच. अजून थोडा. ती गुडघ्यावर हात ठेवून उठली, लुगड्याची माती झटकली आणि खांबाला टेकली. मी बोट तिथंच उचललं. पुढची खरखर एका तारेवर वाजवली. बैलगाड्यांवरनं शिट्टी आली. पायट्याचं एकदाच वाजवलं, पोरं हसली, 'वन्स मोअर' म्हणाली. मी दिला नाही.

खुर्ची राहिली. पुढं कितीतरी वर्षं राहिली. कोल्हापूरचा पोरगा कार्यक्रम संपल्यावर आला, चांगला होता, गर्व नव्हता. त्यानं विचारलं, "दादा, मैदानावर एवढा साफ आवाज कसा काढला? कुणी शिकवलं?"

चहाचे कप हातात घेऊन सगळे ऐकत उभे होते. मालक, ढोलकीवाला, निवेदक. ही माझ्या मागं, पिशवी घेऊन. मी म्हणालो, "शिकवतंय कोण? अनुभवानं कळतं."

नंतर जो जो विचारी त्याला हेच सांगितलं. बापूंनी पुढची खोकी केली तेव्हा घुमाऱ्याच्या बटनाला मधे अडकण लावली, त्याच्या पुढं ते फिरायचंच नाही. सांगली-साताऱ्याचे वाजवणारे त्याला माझ्या नावानं ओळखायचे. अमक्याची खूण, म्हणायचे. मी ते चालवून घेतलं.

तिनं या गोष्टीवरनं कधी टोमणा मारला नाही. फक्त एकदा, कितीतरी वर्षांनी, ऑर्केस्ट्राचे दिवस संपल्यावर, शेंगा फोडत बसलो होतो तेव्हा विचारलं. रागानं नाही. स्प्रिंग हालताना बघायची होती तेव्हा जसं तोंड केलं होतं तसंच करून विचारलं. "आवं, तवा माझं नाव का सांगितलं न्हाईसा?"

मी म्हणालो, "बायकोनं शिकवलं म्हणून वाजवतोय, असं म्हणाली असती माणसं."

ती म्हणाली, "मग?"

एवढंच. आणि उत्तराची वाट बघत माझ्याकडं बघत राहिली. मी शेंगा फोडत राहिलो. ती गेल्या थंडीत गेली. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. उत्तर मला आता सुचलंय, पण ते लाजिरवाणं आहे: काही झालं नसतं. माणसं दोन दिवस हसली असती आणि तिसऱ्या दिवशी तिच्याकडनं पारखून घ्यायला आपापली खोकी घेऊन आली असती. घुमारा पाव आणा, खरखरीला एक तार. हे तिचं आहे, माझं नाही.